शेरडं राखणाऱ्याला क्षय होत नाही

मला पडून राहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या आजाराचं निम्मं औषध म्हणजे पडून राहणं, आणि ते नेमकं माझ्या वाट्याला यावं म्हणजे काय म्हणावं! क्षयाच्या दवाखान्यात मी वर्षाच्या वर काढलं. आता बरी आहे. गवताचा भारा घेऊन खिंड चढते, मधे एकदा टेकते, एवढंच.

लिहायचं कारण असं, की अलीकडे कुणाच्या घरी खोकला लांबला की बायका मला गाठतात, आडोशाला नेतात आणि कानाशी लागतात, "ठकू, तुला कसं कळलं गं?" प्रत्येकीबरोबर आडोशाला जायला मला वेळ नाही. म्हणून एकदाच मोठ्यानं सांगते. मुठा गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, तेवढं लिहिता येतं. दवाखान्यात राहून माझं बोलणं जरा शहरी झालंय. घरचे त्याला हसतात. हसू देत.

गोठ्यातले पाहुणे

आम्ही धनगर. मुठ्याच्या वर, डोंगराच्या पोटाशी चार घरांची आमची वाडी. घरात मालक, मी, आमचा बिरू आणि माझी सासू. बिरू तेव्हा नुकता पळायला लागला होता. सासूला आम्ही आत्या म्हणतो. आत्या म्हणजे घरातली पोलीसपाटील. मालक खिंडीत वाघराच्या मागं काठी घेऊन धावतील, पण आत्यापुढं मान वर करून बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

आमच्या घराचा एक मान होता. खालच्या गावांत, कोळवणला म्हणा, नेऱ्याला म्हणा, कुणा बऱ्या घरच्या माणसाला क्षय झाला की वैद्य सांगायचा, शेळ्यांत जाऊन राहा. शेळीचं दूध प्या, शेळ्यांचा वास छातीत घ्या, शेळ्यांतच निजा. मग ती माणसं पायथ्यापर्यंत बैलगाडीनं आणि पुढं डोलीतून आमच्याकडं यायची. आत्या गोठ्यात शेरडांच्या मधोमध बाज टाकून द्यायची. घ्यायची काय, तर एक नारळ, तोही बिरोबाला. येणाऱ्याला ती छाती पुढं काढून सांगायची, "शेरडं राखनाऱ्याला ह्यो रोग शिवत न्हाई. आमच्यात कुनी खोकून मेलेलं दाव मला." ती स्वतः पहाटे खोकायची, पण तो मिश्रीचा खोकला, असं तिनंच ठरवलं होतं.

माझ्या लग्नानंतर आलेल्यांतला एक कोळवणचा तात्या. भाताची मोठी शेती, बोलायला मऊ, आणि पोरांचं भारी वेड. मी सकाळ-संध्याकाळ त्याला दूध नेऊन द्यायची. तो बिरूला मांडीवर घ्यायचा आणि एकेका शेरडाचं नाव शिकवायचा. मधेच ढास लागली की बिरूचं तोंड आपल्या छातीशी दाबून खोकायचा, पोरगं पडू नये म्हणून. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. चांगलं दूध पिऊन तो अंगानं भरला आणि आपल्या पायांनी डोंगर उतरून गेला. आत्यानं त्याला ओवाळलं. पुढं कितीतरी दिवस ती ज्याला त्याला तात्याची गोष्ट सांगत होती.

राबाचा धूर

पुढच्या चैत्रात मला खोकला लागला. त्या दिवसांत खाली शेतकरी राब भाजतात. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरायच्या आणि पेटवून द्यायच्या. मी तिथं मजुरीला जात होते. सगळ्या म्हणाल्या, राबाचा धूर गेलाय छातीत. मलाही तेच वाटलं. राब विझले, खोकला काही विझेना.

संध्याकाळी अंग तापायचं. चोळी ढिली झाली. आत्या म्हणायची, "दूद पी आनिक." मी पीत होते. घशाशी येईस्तोवर पीत होते.

एका सकाळी धार काढताना ढास लागली आणि चरवीतल्या फेसावर लाल ठिपका पडला. मी घाईघाईनं चरवी लवंडली आणि ओरडले, "ह्या भवानीनं लाथ मारली!" आत्यानं येऊन त्या बिचाऱ्या शेरडाला दोन रट्टे दिले. रक्त बघितलं की माणूस आधी ते झाकतो. तुमच्या घरात कुणी असं झाकत असेल तर त्याला ओरडू नका, पण झाकूही देऊ नका.

दुसऱ्या वेळी मालकांनी बघितलं. पागोटं बांधलं आणि म्हणाले, "चल." आत्याला सांगितलं, माहेरी नेऊन सोडतो. आईशी खोटं बोलल्याचं मालकांचं मला तरी हे पहिलंच माहीत.

माझा पहिला फोटो

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाठीवर टकटक केलं, लांब श्वास घ्यायला लावला आणि म्हणाले, "फोटो काढायला लागेल." मला आपलं बरं वाटलं. लग्नातसुद्धा माझा फोटो कुणी काढला नव्हता. मी केस नीट बसवले, गाठोड्यातून नथ काढून घातली आणि जाऊन उभी राहिले. तिथली बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, नथ कसली घालता? डोरलं काढा, चोळी काढा, हा झगा घाला." थंडगार काचेला छाती लावून उभं केलं. फोटो हातात आला तर त्यात तोंडच नाही! नुसत्या बरगड्या, आणि उजव्या अंगाला वर ढगासारखं काहीतरी.

डॉक्टर म्हणाले, "क्षय आहे."

मालक हसलेच. खरंच हसले. "न्हाई ओ डाक्टर. आमी शेरडं राखतो. आमाला कसा व्हईल?"

"रोग काय शेळ्यांना विचारून येतो का?" डॉक्टर म्हणाले आणि पुढचं लिहायला लागले. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला खोकला होता का? मी तात्याचं सांगितलं. कुठं निजायचा? शेरडांत. दूध कोण द्यायचं? मी. आणि तुमचं मूल कुठं असायचं?

"त्येबी तितंच," मी म्हटलं. "त्येच्या मांडीवर."

त्यांचा हात थांबला. तोवर मी माझ्या मरणाला भीत होते. त्या घटकेपासून ती भीती कुठं गेली कोण जाणे. पोटात दुसरीच भीती शिरली, आणि ती पुढं कितीतरी दिवस मला सुखानं टेकू देईना. बिरूचं काय?

खाटेवर

मला तिथून गावाबाहेरच्या क्षयाच्या दवाखान्यात धाडलं. लांबच लांब पडवी, ओळीनं खाटा, समोर कडुनिंब. दिवस उजाडला की तोंडात ताप बघायची काचेची नळी. मग सुई. एक दिवस उजव्या कुल्ल्यावर, एक दिवस डाव्या. मग गोळ्या, ढीगभर, आणि त्या पोटात गेल्या की मळमळ. सुयांनी कानात रातकिडे ओरडायला लागले, ते भर दुपारीही गप्प बसत नसत. अंडं मिळायचं. दूध मिळायचं, त्याला दूध म्हणायचं असलं तर.

आणि दुपारी घंटा झाली की पडून राहायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही, कुशीवरसुद्धा सारखं वळायचं नाही. मी पडायची, पण पाय हलायचे. सिस्टर म्हणायची, "ठकूबाई, पाय." मी पाय थांबवले की बोटं हलायची. "ठकूबाई, बोटं." मी म्हटलं, "बाई, जीव हाय तवर कायतरी हलनारच की!" ती हसली नाही. पण संध्याकाळी कुंपणापाशी मला बाकावर बसू द्यायची. तिथून आसपासच्या वस्तीवरची शेरडं घरी जायची. त्यांचा वास आला की मला रडू यायचं, आणि लगेच त्या वासाचा रागही यायचा.

मालक भेटायला आले ते आठवडे उलटल्यावर. पावसानं नदी भरली होती, एस.टी. बंद होती. मी आधी विचारलं, बिरू खोकतोय का? न्हाई. जेवतोय का? जेवतोय. मग ते जमिनीकडं बघत म्हणाले, "नेऱ्याची एक पोर आलीया. गोठ्यात."

"कसली पोर?"

"आपल्याकडं येत्यात तसली."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "आन् तुमी काय करताय? आत्याला सांगितलं का न्हाई?"

"सांगतो."

"मला काय झालंय त्ये तरी सांगितलंय का?"

"तशी येळच न्हाई आली बग," ते म्हणाले. म्हणजे आत्या अजून मला माहेरी समजत होती! भाकरी भाजत होती, पाहुणीला दूध देत होती, आणि बिरू त्या गोठ्यात लेंड्यांशी खेळत होता.

फाटकाबाहेर

पुढच्या खेपेलाही मालकांचं तेच. सांगतो, सांगतो. ते गेले आणि मी ठरवलं, बास. दुपारची घंटा झाली, सगळ्या आडव्या झाल्या, सिस्टर आत गेली. मी लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आणि चालायला लागले. फाटकातून बाहेर पडले. एस.टी. गाठायची, उतरून डोंगर चढायचा, पोराला कडेवर घ्यायचं आणि भावाकडं जायचं. सगळं डोक्यात पक्कं होतं.

रस्ता सपाट होता. डोंगरात जन्म काढलेली मी, त्या सपाट रस्त्यावर वाटेतल्या चिंचेच्या झाडापर्यंत पोचता पोचता धापा टाकायला लागले. खाली बसले. खोकल्याची उबळ आली ती थांबेना. पदराला लाल डाग पडला. तो डाग बघितला आणि डोक्यात लख्ख पडलं. अगं बये, तू निघालीयस कुठं? पोराला गोठ्यातून काढून कडेवर घेणार, म्हणजे ह्या तोंडाशी घेणार. नेऱ्याची पोर तरी लांब बाजेवर आहे. तू तर त्याला उराशी धरणार!

तिथं बसून मी मोठमोठ्यानं रडले. येणारा-जाणारा बघत होता, बघू दे म्हटलं. मग उठले आणि परत फिरले. सिस्टर फाटकात उभी होती. मला वाटलं आता हाकलून देतील. तिनं फक्त काखेत हात घातला आणि म्हणाली, "सावकाश." त्या एका शब्दासाठी मी तिला जन्मभर विसरायची नाही.

घरातलं माणूस दवाखान्यातून पळून आलं तर त्याला घरात घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण त्याला परत पाठवा. आणि ते का पळालं, हे आधी विचारा. बहुतेक मागं कुणाचा तरी घोर असतो.

आत्या आली

मालक पुढच्या वेळी आले तेव्हा मी त्यांना बसूही दिलं नाही. म्हटलं, "जाऊन आत्याला सांगा, ठकूला क्षय झालाय. शेरडांतल्या पाव्हन्यानं दिलाय. आन् ठकू म्हनती, बिरूला घिऊन हितं या, त्येचा फोटू काढायचाय. न्हाई आला तर मला काडीमोड द्या. माजा भाऊ येऊन पोराला न्हेईल." मालकांचं तोंड उतरलं. मला दया आली, पण मी ती दाखवली नाही.

आत्या आली. बिरू कडेवर, हातात फडक्यानं तोंड बांधलेली दुधाची चरवी. लांबूनच तिचा आवाज आला. सगळ्या खाटा उठून बसल्या. सिस्टरनं पोराला पडवीच्या खालीच धरून ठेवलं. तो माझ्याकडं झेपावत होता, आणि मी हात मागं बांधून उभी होते. कुणा शत्रूवरही ही वेळ येऊ नये.

"काय गं, मला काडीमोडाचा निरोप धाडतीस?" आत्या कडाडली. "लोक आमच्या गोठ्यात मरायला येत्यात आन् जगून जात्यात. तात्या बरा हून गेला न्हवं?"

मी मालकांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मग पहिल्यांदाच आईपुढं तोंड उघडलं. "तात्या वारला, आये. नागपंचमीच्या आधीच. म्या तुला सांगितलं न्हाई."

पण हार मानायची ती आत्या कसली! "आसंल. त्येचं आयुक्शच तेवडं. आन् तुला त्येनं दिला म्हनतीस, तर बाज म्या टाकली हुती. म्हंजी म्या दिला. आसंच म्हनायचंय न्हवं तुला?"

"व्हय," मी म्हटलं. "आसंच म्हनायचंय."

लग्न होऊन आल्यापासून मी तिला उलटा शब्द बोलले नव्हते. तिनं चरवी जमिनीवर ठेवली आणि फोटोच्या खोलीकडं निघाली.

खोली अंधारी होती, मी लांबून दारातून बघत होते. बिरूनं ते यंत्र बघितलं आणि असा टाहो फोडला की आख्ख्या दवाखान्याला ऐकू गेला. तो काही उभा राहीना. बिस्कीट झालं, धपाटा झाला. शेवटी आत्या म्हणाली, "सरा बाजूला. बग रं सोन्या, आज्जी काडती फोटू. कायबी हुत न्हाई." आणि लुगड्याचा पदर सोडून ती स्वतः त्या काचेला छाती लावून उभी राहिली. मग बिरू उभा राहिला. पोरगं आजीचं ऐकायचं, माझं नाही.

डॉक्टर दोन्ही फोटो घेऊन बाहेर आले. मला परत खाटेवर बसवलं होतं, तिथून मी खाली उतरले. सिस्टर ओरडली, मी ऐकलं नाही.

"मुलाला काही नाही," ते म्हणाले. "छाती स्वच्छ आहे. एक लस टोचून घ्या." माझ्या डोळ्यांपुढचं सगळं पाण्यानं भरलं. मला पुढचं ऐकूच आलं नाही. ते आत्याला तिचा फोटो उजेडाकडं धरून दाखवत होते. दोन्ही बाजूंना ढग. वरपासून खालपर्यंत.

"किती वर्सांचं आसंल?" आत्यानं विचारलं. तिला लगेच कळलं होतं.

"पुष्कळ जुनं आहे."

"ठकू यायच्या आदीचं?"

"असेल. कुणी कुणाला दिलं, ते आता कोणीच सांगू शकणार नाही, आजी."

आत्या पायरीवर बसली. बिरू तिच्याकडं धावला, तर तिनं त्याला दंडाला धरून मालकांकडं ढकललं. "घे त्येला." मग स्वतःशीच म्हणाली, "म्या त्येला घास चावून भरवतीया. रोज." आमच्यात दात नसलेल्या पोराला आजी भाकरी चावून मऊ करून भरवते. बिरूला दात आले होते, तरी तिची सवय गेली नव्हती. मी तिच्यावर इतकी चिडले होते, आणि तिचा तो चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठं गेला.

थोड्या वेळानं ती उठली आणि मालकांना म्हणाली, "नेऱ्याच्या पोरीला उद्याच्या उद्या हितं आन. बाज जाळून टाक. आन् कुनी पाव्हना आला तर वाडीत घिऊ नको, मी सांगितलंय म्हनावं."

शेजारच्या खाटा

आत्याला माझ्या शेजारची खाट दिली. सासू-सुनेला शेजारी निजवून गप्प पडायला सांगायचं, ही शिक्षा कुणी शोधून काढली असेल त्याला मुजरा! ती माझ्यापेक्षा अस्वस्थ. सुईवाली आली की, "आदी तिला दे, ती ल्हान हाय." दूध आलं की, "ह्ये दूद हाय व्हय? धुवन हाय." दुपारी ती कुजबुजायची, "ठके, शेरडांस्नी पानी पाजलं आसंल का?" मी म्हणायची, "पाजलं आसंल, पडा आता." मग दोघींना सिस्टरचा आवाज ऐकू यायचा, "पाय."

एकदा ती म्हणाली, "किती जनांस्नी निजवलं गं म्या तितं." तिचा हात दोन खाटांच्या मधे लोंबत होता, तो मी धरला. त्या दुपारी आम्ही दोघी पहिल्यांदा खरोखर गप्प पडून राहिलो.

मला औषध लागू पडलं. वजन वाढलं, ताप गेला, थुंकी स्वच्छ झाली. आत्याला लागू पडेना. फार उशीर झाला होता, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

आवारात

मला घरी सोडलं. बिरूनं मला ओळखलं, थोडा लाजला आणि मग चिकटला तो सुटेना. पण आत्याशिवाय घर खायला उठायचं. मालक दर खेपेला जाऊन यायचे. एके दिवशी म्हणाले, "आता उठत न्हाई ती. बिरूचं नाव काडती."

पोरांना आत सोडत नव्हते. मी बिरूला घेऊन समोरच्या आवारात उभी राहिले, कडुनिंबाखाली. सिस्टरनं आत्याला खिडकीशी उशांना टेकवून बसवलं. केवढीशी झाली होती ती! मी बिरूला खांद्यावर उचललं आणि चार पावलं पुढं गेले, तिला नीट दिसावा म्हणून.

तिनं आधी बघितलं. मग पदराचा बोळा तोंडावर दाबला आणि मोकळ्या हातानं खुणा करायला लागली. मला कळेना. तिनं पदर जरासा सरकवला आणि होता नव्हता तो आवाज काढून ओरडली, "मागं सर, ठके! वारं हिकडनं तिकडं जातंया!"

एवढ्या लांब काही लागत नाही, आत्या, असं मी ओरडून सांगितलं. डॉक्टरांनीच सांगितलंय, म्हटलं. तिनं ऐकलं नाही. पुन्हा तोंडावर पदर आणि पुन्हा हात. मी कडुनिंबापर्यंत मागं सरले. मग बाकापर्यंत. मग फाटकापर्यंत. तरी तो हात आणखी मागं, आणखी मागं म्हणून सांगतच होता.

"आज्जी हात करतीया!" बिरू म्हणाला, आणि खांद्यावरून दोन्ही हात हलवायला लागला.